परक्या गावातील सोबती



गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी जपमाळ आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक माउली देवळाच्या पायरीशी घुटमळत राहिली. तिची कन्या कुवेतमधील एका इस्पितळात परिचारिका आहे. मी विचारपूस करताच ती म्हणाली, "फादर, फोन रोज येतो, पैसेही येतात, पण आवाज आमच्या पोरीचा राहिलेला नाही."

हळूहळू हकीकत कळली. मुलीची झोप उडाली होती, अन्नावरील वासना गेली होती, आणि रात्रपाळीहून परतल्यावर विनाकारण रडू कोसळत होते. "सर्व ठीक आहे" असे ती आईला सांगे. डॉक्टरकडे जाण्याचा तिला धीर होत नव्हता. आखाती देशांत परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना बहुधा त्याच्या मालकाशीच बांधलेला असतो. तेव्हा आपल्या मनाच्या आजाराची वार्ता वर गेली तर नोकरी आणि परवाना दोन्ही जातील, ही तिची धास्ती होती. इकडे घरावरचे कर्ज तर तिच्याच पगारावर फिटत होते.

अशा वेळी परक्या देशातील माणसाने कोणाकडे जावे? या प्रश्नाचे एक उत्तर १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी सापडले. न्यूयॉर्कचा एक गृहस्थ कामानिमित्त तेथे आला होता. काम फसले, खिसा रिकामा झाला, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटाच येरझारा घालीत होता. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली होती; समोरच मद्यगृह होते, आतून हसण्याचे आवाज येत होते. त्या क्षणी तो मद्यगृहाकडे न वळता भिंतीवरील चर्चच्या यादीकडे वळला आणि त्याने एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला. मागणी एकच होती : आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशी आपली गाठ घालून द्यावी. दुसऱ्या दिवशी त्या गावातील एका शल्यवैद्याशी त्याची भेट झाली. शल्यवैद्याने पंधरा मिनिटेच देऊ केली होती. बोलणे मात्र रात्री उशिरापर्यंत चालले. या दोघांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना जन्मास आली.

त्या गृहस्थाने उपदेशक मागितला नाही, समदुःखी मागितला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी मनोविकारातून उठलेल्या काही मंडळींनी हाच मार्ग आपल्या दुखण्यासाठी धरला. त्यांच्यात फादर कॉर्नेलियस कीओ हे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि स्वतः त्यांनीही मनाचा आजार भोगला होता. पुढे 'ग्रो' या नावाने प्रसिद्ध झालेली ही चळवळ १९६९ साली आयर्लंडात पोहोचली. धर्मगुरूलाही मनाचा आजार होऊ शकतो, आणि तो सांगण्यात लाज नाही, हे त्यांच्या उदाहरणाने दाखवून दिले.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट अगदीच अपरिचित नव्हती. गोव्याचे तारवटी बोटीवरील कामाच्या शोधात मुंबईस जात, तेव्हा गावागावांच्या कुडी तेथे त्यांचा आधार असत. सायंकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावा, एकमेकांची चौकशी करावी, ज्याला काम मिळाले नाही त्याला धीर द्यावा, असा तेथील शिरस्ता होता. मनाच्या दुखण्याचे नाव कोणी घेत नसे. परंतु एखाद्याची पथारी दिवसभर गुंडाळली गेली नाही, तर ते शेजाऱ्याच्या दृष्टीस पडत असे.

आज परदेशातील आपल्या मुलांनी असे सोबती कसे शोधावेत? प्रथम आपल्या भाषेच्या माणसांत. कारण दुःख मातृभाषेतच नीट सांगता येते. कुवेत, दुबई येथील देवळांतून कोंकणी मिस्सा होतात, आणि मिस्सेनंतर माणसे अंगणात रेंगाळतात. मात्र स्वभाषिकांत बोलल्यास बातमी गावी पोहोचेल अशी भीती वाटत असेल, तर दुसऱ्या प्रांताचे वा देशाचे समदुःखीही चालतील. तीन-चार जण पुरेत; पण वार आणि वेळ ठरलेली असावी. एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे. न विचारलेला सल्ला देऊ नये, आणि तेथील शब्द तेथेच राहावा. शब्द फुटला की मंडळ मोडलेच समजा.

तथापि सोबती म्हणजे वैद्य नव्हे. झोप आणि अन्न आठवडेच्या आठवडे सुटले असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर त्या माणसाला एकटे न ठेवता डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. दुबईत भारतीय वकिलातीचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. अन्यत्रही वकिलातीकडे मदत मागता येते. इकडे काळजीने झुरणाऱ्या आईबापांना सरकारच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. ही सेवा २०२२ साली सुरू झाली असून ती विनामूल्य आहे.

त्या माउलीला मी एवढेच सुचविले, की फोनवर "पैसे कधी पाठवतेस?" असे आधी न विचारता "आज जेवलीस का, कोणाबरोबर जेवलीस?" असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला मुलगी तीन दिवस गप्प राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, एकटीच जेवते गं." तेथून तिचे बोलणे सुरू झाले.

आता शुक्रवारच्या मिस्सेनंतर ती आणि आणखी तिघी परिचारिका तासभर एकत्र बसतात. त्यांतील एक केरळची आहे. तिनेच हिला डॉक्टरकडे नेले. औषध चालू आहे, नोकरीही टिकली आहे. झोप अजून पुरती परतलेली नाही. परंतु आवाज थोडा ओळखीचा वाटू लागला आहे, असे परवा माउलीने सांगितले.

तुमच्यापैकी ज्यांची लेकरे दूर आहेत, त्यांनी आज रात्री तो दुसरा प्रश्न विचारून पाहावा. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नये.