विश्लेषण : सफरचंद लाल झाले, गोडी कुठे गेली?

दिसायला लालबुंद, चावल्यावर पिठूळ. ‘रेड डिलिशियस’ सफरचंदाबद्दल ही तक्रार अमेरिकेतही जुनीच. पण त्याचा मूळ वाण असा नव्हता. त्याचे नाव ‘हॉकआय’. आयोवा राज्याच्या टोपणनावावरून पडलेले.

मूळ वाण कसा होता?

आयोवातील पेरू गावचे शेतकरी जेसी हायट यांच्या बागेत १८७०च्या दशकात ओळीबाहेर एक रोप आपसूक उगवले. त्यांनी ते दोनदा तोडले, तरी पुन्हा फुटले. शेवटी राहू दिले. त्याला फळ लागले ते पिवळसर सालीवर लाल पट्ट्यांचे, तळाशी पाच उंचवट्यांचे, रसाळ, गोड आणि सुवासिक. १८९३ मध्ये मिसुरीतील ‘स्टार्क ब्रदर्स’ या रोपवाटिकेच्या स्पर्धेत ते पहिले आले, पण पाठवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठीच हरवली! पुढच्या वर्षी हायट यांनी पुन्हा फळे पाठवली, तेव्हा पत्ता लागला. स्टार्कने हक्क विकत घेतले आणि नाव ठेवले ‘डिलिशियस’.

मग बिघडले कुठे?

सफरचंद बीपासून लावले तर फळ आईसारखे येत नाही, म्हणून कलमे बांधतात. क्वचित एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो. न्यू जर्सीत एका झाडाच्या एकाच फांदीवरची फळे बाकीच्यांआधी लाल होताना दिसली. १९२३ मध्ये स्टार्कने त्या फांदीसाठी सहा हजार डॉलर मोजले. तिथून रंगाची शर्यत सुरू झाली. दर वेळी आणखी लाल, आणखी लवकर लाल होणारी फांदी निवडली गेली. चव कोणी तपासत बसले नाही.

यातली खरी मेख वेगळी आहे. पट्टेरी फळ पिकले की नाही, हे पट्ट्यांमधल्या हिरव्याचे पिवळे झाले की कळते. साल सगळीच लाल असेल तर ती खूणच झाकली जाते. फळ कच्चे असतानाच तोडता येते आणि लाल म्हणून विकलेही जाते. त्यामुळे दोष एकट्या बागायतदाराचा नाही. रंगाला जास्त पैसे देणारे गिऱ्हाईकही त्यात आले. १९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदांत सुमारे तीन चतुर्थांश वाटा रेड डिलिशियसचा होता. हळूहळू गिऱ्हाईक कंटाळले आणि २०१८ मध्ये ‘गाला’ने त्याला अमेरिकेत मागे टाकले.

आपला संबंध काय?

फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये शिमल्याजवळच्या कोटगढला डिलिशियसची कलमे लावली. ते साल पाहा : न्यू जर्सीच्या फांदीचा सौदा अजून व्हायचा होता. म्हणजे हिमाचलात आधी आले ते जुन्या, पट्टेरी वळणाचे फळ. आज तिथेही गडद लाल वाणांच्या नव्या लागवडी होत आहेत, कारण मंडीत भाव रंगावर ठरतो. अमेरिकेने जी चूक करून पाहिली, तीच आपण पैसे खर्चून का करावी?

हॉकआयची कलमे अमेरिकेतील काही रोपवाटिका आजही विकतात. आपल्या गाडीवर ते मिळणार नाही, पण निवड आपल्या हातात आहे. फळ नाकाशी धरा. मग जिथे लाली कमी आहे, तिथली साल पाहा. ती हिरवी असेल तर ठेवून द्या. पिवळसर झाली असेल तर घ्या, बाकीची साल पट्टेरी का असेना.