दोन मोटारी, दोन खाती

बँकेच्या कर्ज विभागात असताना वाहनकर्जाच्या प्रत्येक फाईलमध्ये एक चिठोरी लावलेली असे. मोटारीच्या चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, की त्या क्रमांकाचा ठसा उमटे. तो नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी जुळल्यावाचून नजरगहाणाचे काम पुढे सरकत नसे. नव्याने रुजू झालेल्या तरुणांना हे काम कंटाळवाणे वाटे. प्रारंभी मलाही वाटे. त्या चिठोरीचे मोल किती असू शकते, हे सांगणारी इंग्लंडमधील दोन मोटारींची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

डेव्हिड ब्राउन हे हडर्सफील्डचे उद्योगपती. यंत्रांचे गिअर आणि ट्रॅक्टर हा त्यांचा व्यवसाय. वर्तमानपत्रातील एक जाहिरात वाचून त्यांनी १९४७ मध्ये ‘अ‍ॅस्टन मार्टिन’ ही अडचणीत आलेली मोटार कंपनी २०,५०० पौंडांना विकत घेतली. त्यांच्या नावाची आद्याक्षरे पुढे तेथील मोटारींना लागली. त्यांपैकी ‘डीबी५’ ही १९६३ मध्ये बाजारात आली. लांबचा प्रवास वेगाने आणि तरीही आरामात करता यावा, अशा ‘ग्रँड टूरर’ जातीची ही मोटार. सहा सिलिंडरांचे सुमारे चार लिटरचे इंजिन आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, अशी तिची रचना. १९६५ पर्यंत अशा जेमतेम हजारभरच मोटारी तयार झाल्या.

१९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटाने तिला जगभर नाव मिळवून दिले. चित्रीकरणासाठी दोन मोटारी होत्या. पहिलीचा चेसिस क्रमांक डीपी/२१६/१. फिरत्या नंबरपाट्या, धुराचा पडदा, उडणारे आसन अशी सारी करामत हिच्यात बसविलेली. दुसरी, म्हणजे डीबी५/१४८६/आर, ही रस्त्यावरील धावत्या दृश्यांसाठी. तिच्यात उपकरणे नंतर बसविली गेली.

काम संपल्यावर पहिली मोटार कंपनीकडे परत आली. कंपनीने ती उपकरणे काढून टाकली आणि १९६८ मध्ये एक वापरलेली मोटार म्हणून ती विकून टाकली. ताळेबंदाच्या दृष्टीने यात काही चुकले नव्हते. जुने वाहन, झालेला घसारा, उरलेली पुस्तकी किंमत, एवढेच हिशेबवहीला दिसते. नव्या मालकाने मात्र तशीच उपकरणे पुन्हा बसवून घेतली. पुढे मोटार अमेरिकेत गेली. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला अडीच लाख डॉलरच्या घरात किंमत आली. आणि जून १९९७ मध्ये फ्लोरिडातील बोका रॅटन विमानतळावरच्या हँगरमधून ती चोरीस गेली. विमा कंपनीने सुमारे ४२ लाख डॉलर भरपाई दिली.

आता विचार करावा. चोरीच्या मालावर मालकीहक्क निर्माण होत नाही, आणि भरपाई दिल्यानंतर अशा वस्तूवरील हक्क सामान्यतः विमा कंपनीकडे जातो. म्हणजे ही मोटार आज कोणाच्या तळघरात असलीच, तर तो मनुष्य ती चारचौघांत दाखवू शकत नाही, उघडपणे विकू शकत नाही, तिच्यावर कर्जही काढू शकत नाही. त्याच्याजवळ मोटार आहे, मालमत्ता नाही. चेसिसवरचा तो क्रमांकच त्याच्याविरुद्धचा साक्षीदार आहे.

दुसरीचे खाते निराळे. १९६९ मध्ये फिलाडेल्फियातील एका नभोवाणी व्यावसायिकाने ती थेट कंपनीकडून १२,००० डॉलरला घेतली आणि ४१ वर्षे घरी जतन केली. मालक एकच आणि खरेदी थेट कारखान्यातून. मालकीच्या साखळीत एकही कडी तुटलेली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या लिलावात तिचे सुमारे ४६ लाख डॉलर आले.

जुन्या सवयीने मी चक्रवाढीचा हिशेब मांडला. दर साल साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास! पण हे वाचून कोणी जुनी मोटार शोधायला निघू नये. या आकड्यात ४१ वर्षांची देखभाल, जागा आणि विमा धरलेला नाही. शिवाय दोन मोटारींपैकी एक तर गेलीच, हेही विसरून चालणार नाही.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. माझ्याकडे एकदा एक व्यापारी दुकानाच्या तारणावर कर्ज मागायला आले होते. तिसरी पिढी, सचोटीचा व्यवहार, बाजारात शब्दाला किंमत. पण दुकान अद्याप आजोबांच्याच नावावर होते. आजोबांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. “साहेब, घरातलेच आहे, कोण विचारतो?” असे ते म्हणाले. मला विचारावे लागले. नावे लावायला चुलतभावांच्या सह्या हव्या होत्या, आणि तोवर त्यांचे बोलणे बंद झाले होते. मुलीचे लग्न तोंडावर असताना मी तो अर्ज परत केला. नियमाने बरोबर होतो; तरी त्यांचा चेहरा अजून आठवतो.

वाचकहो, आपल्या घरी कोट्यवधींची मोटार नसेल. पण दुकान, गाळा, गोदाम, दागिन्यांच्या पावत्या असतील. वडीलधारी मंडळी हयात असताना आणि भावाभावांत गोडी असताना एकदा ती कपाटे उघडून बसावे. गोडी असते तेव्हा सही मिळायला पाच मिनिटे पुरतात.

जाता जाता एक सांगायचे राहिले. २०१० मध्ये मोटार विकणाऱ्या त्या गृहस्थांनी आलेली रक्कम आपल्या धर्मादाय संस्थेला दिली. समाजातील गुन्हे कसे कमी करता येतील, हे त्या संस्थेच्या कार्याचे एक प्रमुख अंग आहे. एक मोटार चोराने नेली आणि तिच्या बहिणीची किंमत चोऱ्या थांबविण्याच्या कामी आली. जमाखर्च असाही जुळतो.