वकील कोणाचा?

खरेदीखत नोंदले गेले, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून सहीशिक्क्यांनिशी दस्त हाती आला, की आपण घराचे निर्विवाद मालक झालो, अशी आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची दृढ समजूत आहे. ती किती निराधार आहे हे नोव्हेंबर २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने पुन्हा स्पष्ट झाले. विकणाऱ्याने आपल्या नावाच्या फेरफाराचा पुरावा दाखविला नाही, तर दस्त नोंदण्यास नकार देण्याची मुभा बिहार सरकारने नियम करून निबंधकांस दिली होती. तो नियम न्यायालयाने रद्द केला. १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. निकाल बिहारच्या नियमासंबंधीचा असला, तरी कायदा साऱ्या देशाचा आहे, आणि मुंबई-पुण्यात आयुष्याची पुंजी ओतून सदनिका घेणाऱ्यासही तो तसाच लागू आहे.

मुंबईत किमतीच्या सहा टक्के मुद्रांक शुल्क वसूल करणारे सरकार मालकीची हमी देत नसेल, तर खातरजमा करावयाची कोणी? अर्थात खरेदीदाराने, आणि त्याला स्वतःला ते साधणारे नसल्यामुळे त्याच्या वतीने वकिलाने. येथवर कोणाचा मतभेद नसावा. परंतु हा वकील वस्तुतः असतो कोणाचा?

नव्या इमारतीत बिल्डरच्या वकिलाचा मालकीविषयक दाखला पुढे केला जातो. २०१६ च्या रेरा कायद्यामुळे असे कागद आता कोणासही पाहावयास मिळतात, आणि जमिनीच्या मालकीत दोष निघून ग्राहकाचे नुकसान झाले तर त्या भरपाईच्या दाव्यास मुदतीची आडकाठी राहिलेली नाही. ही मोठीच सोय होय. तथापि दाखला देणाऱ्याचा अशील बिल्डर असतो, हे विसरून चालणार नाही. जुन्या सदनिकेच्या व्यवहारात दलालच 'आपले वकीलसाहेब' घेऊन येतो, आणि ते साहेब विकणाऱ्याचे नि घेणाऱ्याचे, दोघांचेही काम एकाच मेजावर उरकतात.

सर्वांत मोठी भूल मात्र बँकेच्या वकिलाविषयी पडते. बँकेने कर्ज मंजूर केले त्याअर्थी कागदपत्रे चोख असलीच पाहिजेत, असे भलेभले म्हणतात. बँकेचा वकील बँकेला सल्ला देतो, आणि बँक आपल्या कर्जापुरती चिंता करते. तिच्या हाती कर्जदाराचा पगार असतो, प्रसंगी जामीनदारही असतो. आधी बुडते ती खरेदीदाराने स्वतः घातलेली रक्कम, आणि घर गेले तरी हप्ते चुकत नाहीत.

आम्ही शिक्षकी पेशात असताना आमच्या एका सहकाऱ्याने उपनगरात दोन खोल्यांची जागा घेतली. भागपत्र विकणाऱ्याच्या नावे होते, सोसायटीचे ना हरकत पत्र होते, दलालाच्या वकिलाने मान डोलावली. विकणारा हा आपल्या मृत पित्याचा केवळ नामनिर्देशित इसम आहे, हे कोणी सांगितले नाही. पुढे त्याच्या दोन बहिणी हिस्सा मागत कोर्टात गेल्या. तडजोड झाली तोवर आमच्या मित्राची निवृत्ती जवळ आली होती, आणि भविष्य निर्वाह निधीतून त्यांनी त्याच घराची किंमत अंशतः दुसऱ्यांदा मोजली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यानुसार नामनिर्देशिताला वारस निश्चित होईतो तात्पुरता सभासद एवढेच स्थान आहे. पण भागपत्रावरचे नाव पाहून निश्चिंत होणारे आजही थोडे नाहीत.

खरेदीदाराचा स्वतःचा वकील अशा ठिकाणी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की पिता वारला तेव्हा मागे कोण कोण होते? तो तीस वर्षांच्या नोंदी तपासतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. गहाण मिळकत सोडवून घेण्याच्या दाव्यास १९६३ च्या मुदत कायद्याने तीस वर्षे दिली आहेत. तो मूळ कागद डोळ्यांनी पाहतो, कारण मूळ कागद नुसते सावकाराच्या स्वाधीन करूनही गहाण होऊ शकते. 'मूळ करारनामा गहाळ झाला' या वाक्याने त्याचे कान टवकारले पाहिजेत. तो हरकती मागविणारी जाहीर नोटीस देतो. (आमच्याही आतल्या पानांवर अशा नोटिसा येतात, ज्यांनी त्या वाचाव्यात ते वाचत नाहीत, हा भाग वेगळा.)

असा वकील शोधावा कसा? वकिलांनी जाहिरात करू नये हा बार कौन्सिलचा नियम आम्हांस योग्यच वाटतो. मात्र त्यामुळे नवख्या माणसाला नाव कळते ते बहुधा दलालाच्या तोंडून, आणि दलालाचे वेतन व्यवहार पुरा होण्यावर अवलंबून असते. म्हणून नाव अन्य ठिकाणाहून मिळवावे, आणि तेही इसार देण्यापूर्वी. भेटीत निःसंकोच विचारावे: या बिल्डरचे वा दलालाचे काम आपण करता काय? नोंदींचा शोध कोण घेणार? अभिप्राय सहीनिशी लेखी मिळेल ना? व्यवहार मोडला तरी मेहनताना तोच राहील ना? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. 'घेऊ नका' असे सांगितल्याने ज्याचे नुकसान होते, त्याच्याकडून तो सल्ला मिळण्याचा संभव कमी. दलालाला एक-दोन टक्के देताना आपण कां कू करीत नाही; वकिलाची फी ऐकून मात्र ओळखीतला कोणी फुकटात कागद पाहील काय याचा शोध सुरू होतो.

विकणाऱ्यानेही आपण यातून मोकळे आहोत असे समजू नये. मालकीतील ज्ञात दोष उघड करण्याचे बंधन मालमत्ता हस्तांतरण कायद्याने त्याच्यावर घातले आहे.

एक गोष्ट तर बँकांना आजही करता येण्याजोगी आहे. त्यांच्या वकिलाच्या तपासणीचा खर्च सामान्यतः कर्जदाराकडूनच घेतला जातो, परंतु त्या अहवालाची प्रत त्याच्या हाती क्वचितच पडते. ती कर्जमंजुरीच्या पत्रासोबत, न मागता, त्याला मिळावी असा दंडक रिझर्व्ह बँकेने घालून द्यावा.