लिंगाच्या ताठरतेसाठी शॉकवेव्ह थेरपी : पॅकेज घेण्याआधी हे वाचा

गोळ्या नकोत, ऑपरेशन नको, थोड्याच सिटिंगमध्ये कायमचा इलाज, अशा आशयाच्या जाहिराती तुम्हीही मोबाइलवर पाहिल्या असतील. लिंगाला पुरेशी ताठरता न येणे ही तक्रार चारचौघांत बोलता येत नाही. मग माणूस गुपचूप पॅकेजचे पैसे भरून मोकळा होतो. माझे मत सांगतो. ही थेरपी थोतांड नाही, पण जाहिरातीत सांगतात तेवढी सिद्धही झालेली नाही.

शॉकवेव्ह म्हणजे जोरदार ध्वनिलहरी. 1980 पासून मुतखडा फोडण्यासाठी त्या वापरल्या जातात. ताठरतेसाठी त्याच लहरी अगदी कमी ताकदीने लिंगावर सोडतात. त्यामुळे नवीन सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होतात आणि रक्तपुरवठा सुधारतो, अशी यामागची कल्पना आहे. रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे सौम्य त्रास असलेल्या काही रुग्णांना फायदा झालेला दिसतो. मात्र अनेक अभ्यास लहान आहेत आणि काहींचा फायदा वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत या उपचाराला प्रायोगिकच म्हटले आहे.

त्रासाचे मूळ टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेत किंवा मानसिक ताणात असेल, तर या लहरी ते दूर करू शकत नाहीत. शिवाय सगळी मशीन सारखी नसतात. टाच किंवा खांदेदुखीसाठी वापरतात त्या 'रेडियल' मशीनची ताकद वरच्या थरातच ओसरते. ती खरी शॉकवेव्ह नव्हे. कोणते मशीन आहे, हे विचारायला लाजू नका.

पण मला पैशांपेक्षा वेगळी काळजी वाटते. लिंगाच्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर रुंद असतात, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटर. चरबी साचू लागली की अडथळा आधी लहान नळीत जाणवतो. म्हणून ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी सुरू होते. शरीराने दिलेली ही सूचना आहे. तपासणी न करता थेट सिटिंग सुरू केली, तर ती सूचनाच वाया जाते.

तेव्हा आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि गरज वाटल्यास सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. तंबाखू, सिगारेट सोडा, रोज चाला. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या 1998 पासून वापरात आहेत आणि बहुतेकांना त्यांचा उपयोग होतो. मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी तर त्या मुळीच घेऊ नयेत, रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.

एवढे करूनही शॉकवेव्ह घ्यावीशी वाटली, तर युरॉलॉजिस्टकडून निदान करून घ्या आणि मगच ठरवा. तपासणीआधीच खात्री देणाऱ्या क्लिनिकमधून मात्र शांतपणे उठून घरी या.