पुसलेला हात

'मुले भराभर वाढतात, हे क्षण जपून ठेवा' हे वाक्य बालछायाचित्रणाच्या जाहिरातींत या ना त्या रूपात हटकून आढळते. त्याचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. आमचा आक्षेप आहे तो उत्तरार्धाला. क्षण जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, आणि जपण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात काय नाहीसे केले जाते, हे कुणी विचारताना दिसत नाही.

'न्यूबॉर्न शूट' म्हणून जे काही हल्ली चालते, त्यातली एक ढब विशेष लोकप्रिय आहे. बाळ पालथे, कोपरे टेकलेली, हनुवटी तळहातांवर विसावलेली, डोळे मिटलेले. जणू चिंतनात बुडालेला कुणी तत्त्वज्ञच! दहा दिवसांच्या बाळाची मानही धरलेली नसते. ते असे बसणार कसे? म्हणून दोन छायाचित्रे घेतात. एकात कुणीतरी बाळाचे डोके सावरून धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे. मग संगणकावर दोन्ही जोडून सावरणारे हात पुसून टाकतात. बाळाच्या सुरक्षिततेसाठी ही रीत आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आठवण म्हणून तिचे मोल काय? त्या वयाचे सगळे सत्य ज्या हातात होते, तोच हात चित्रातून गेला. उरले ते एक स्वयंपूर्ण बाळ, जे कधी अस्तित्वातच नव्हते.

लपवण्याची ही रीत तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकात प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत आणि मूल तेवढा वेळ स्थिर राहत नसे. तेव्हा आई अंगावर कापड किंवा गालिचा ओढून खुर्चीचे रूप घेई आणि मुलाला घट्ट धरून बसे. इंग्लंड-अमेरिकेतील अशी चित्रे आज 'लपलेली आई' या नावाने ओळखली जातात. पण तिथे तंत्राची अडचण होती, आणि कापडाखालचा आईचा आकार लपता लपत नसे. आजचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र टिपतो. अडचण संपली, लपवणे मात्र अधिक सफाईदार झाले.

दुसरा दोष सारखेपणाचा. ॲन गेडिस यांचे 'डाउन इन द गार्डन' हे फुलापानांत बसवलेल्या बाळांचे पुस्तक १९९६ साली आले. ती एका छायाचित्रकर्तीची कल्पना होती, आवडो वा न आवडो. आता तीच टोपली, तीच लोकरीची टोपी, आपल्याकडे भर म्हणून बासरी आणि मोरपीस किंवा इवलासा फेटा. साच्यात बाळ तेवढे बदलते.

सजवण्याला आमचा विरोध आहे, असे कुणी समजू नये. बोरन्हाणातही काळे झबले असते, हलव्याचे दागिने असतात. परंतु बोरन्हाणाच्या फोटोत मांडीवर घेऊन बसलेली आजी असते, बोरे-चुरमुरे वेचायला तुटून पडलेली शेजारची पोरे असतात, आणि मधोमध भेदरून रडणारे उत्सवमूर्ती. ते चित्र दुसऱ्या कुणाच्या घरी खपणार नाही. आठवणीची हीच तर खूण!

प्रतिपक्षाची बाजूही लंगडी नाही. मोबाइलमध्ये हजारो फोटो साठतात आणि एकही कागदावर येत नाही. शिवाय ते काढणारी बहुधा आईच असल्याने ती स्वतः कशातच नसते. व्यावसायिक निदान तिला चित्रात आणतो, छापील प्रत हाती ठेवतो. हे मान्यच करायला हवे. रोलाँ बार्त यांनी १९८०च्या 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये ज्या एका छायाचित्रावर आपले सारे चिंतन उभे केले, ते १८९८ साली त्यांची आई पाच वर्षांची असताना कुणा अनाम गावगन्ना व्यावसायिकानेच काढलेले होते. त्यात ती एका हाताचे बोट दुसऱ्या हातात धरून अवघडून उभी आहे. बार्तना त्या मुलीत आपली आई सापडली. त्या छायाचित्रकाराने तिचा अवघडलेपणा 'दुरुस्त' केला असता, तर ती सापडली असती का?

तेव्हा वाद व्यवसायाशी नाही, मागणीशी आहे. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात मिळते. छायाचित्रकाराला अवश्य बोलवावे, त्याच्या कौशल्याचे रीतसर पैसे द्यावेत. पण घरी बोलवावे, ज्या दुपट्यात बाळ रोज निजते त्याच दुपट्यात फोटो काढायला सांगावे. भिंतीवरचे ओल आलेले पोपडे राहू द्यावेत. प्रत छापून घ्यावी आणि मागे तारीख व ठिकाण लिहावे. आणि बाळाची मान सावरणारा जो कुणाचा हात असेल, तो पुसू देऊ नये. वीस वर्षांनी त्या मुलाला आपला चेहरा आरशातही दिसेल. तो हात कदाचित तेवढ्या फोटोतच उरलेला असेल.