फोटो घरी आले

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते: पाहुण्यांची आणि ओलीची. पाहुणे सोमवारी जातात. ओल दसऱ्यापर्यंत मुक्कामाला असते. तिने आमचे तीन आल्बम खाल्ले, तेव्हा आम्ही उरलेले फोटो मोबाईलवर उतरवून वर, म्हणजे क्लाऊडवर, ठेवून दिले. १ जून २०२१ पासून गूगलने अमर्याद फुकट साठवण बंद केली. पंधरा जीबी भरले की पुढे भाडे!

"बाबा, फोटो आपले आणि भाडेकरूही आपणच?" असे म्हणून यंदा चिरंजीवांनी जुन्या संगणकात दोन डिस्क बसवल्या, इमिच नावाचा फुकट प्रोग्राम चढवला आणि फोटो घरी आणले. ते झिपच्या गठ्ठ्यांतून येतात. प्रत्येक फोटोबरोबर जेसन नावाची एक चिठ्ठी असते; आपण हाताने घातलेली तारीख त्या चिठ्ठीत असते, फोटोत नव्हे. चिरंजीवांना घाई. त्यांनी फोटो घेतले, चिठ्ठ्या कचरा समजून टाकल्या.

संध्याकाळी पाहतो तो कार्ल्याच्या लेण्यासमोर उभी असलेली माझी आई २०१९ च्या गणपतीत जाऊन बसलेली! फोटो १९६८ चा. उतरवला २०१९ साली. ते साल तिने स्वतः सांगितले होते, म्हणून मी घातले होते. आता विचारायला ती नाही. शिवाय त्याआधीचा तिचा एकही फोटो नाही, कारण तिचे माहेर पुण्यात नदीकाठी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्यात तिचे लहानपण आणि लग्न दोन्ही वाहून गेले.

गठ्ठे अजून वरच होते, हे आमचे नशीब. चिठ्ठ्यांसकट सगळे पुन्हा चढवले, तेव्हा आई १९६८ मध्ये परत गेली.

मी निर्धास्त झालो, पण सौ. नव्हे. "अहो, आणि या घरालाच काही झालं तर?"

चिरंजीव म्हणाले, "आई, डिस्क दोन आहेत!" पण एकीवर पुसलेले दुसरीवरूनही पुसले जाते, आणि दोघी एकाच कपाटात. पाणी आले तर दोघींना येणार. वीज कडाडली तर दोघींना. पानशेतच्या सुनेला हे कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणून तिसरी डिस्क घेतली. ती तळेगावला लेकीकडे असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक पुणे लोकलने ती घेऊन येते, नवे फोटो भरून परत नेते, आणि वर चिक्कीचा डबाही नेते.

वरचे खाते मात्र अजून चालू आहे. साल साल मोजून पाहिल्याशिवाय बंद करायचे नाही, असा सौ.चा हुकूम आहे. मोजणी २०२२ पर्यंत आली आहे.