निदानाची मजुरी

मोटार उभी असता इंजिन निमूटपणे चालते, सपाट रस्त्यावर संथ गतीनेही ते कुरकुरत नाही, परंतु पुणे-सातारा मार्गावरचा खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की सबंध गाडी थरथरू लागते. ही तक्रार घेऊन जो मालक गॅरेजात जातो, तो बहुधा चार नवे प्लग, एक नवा फिल्टर, चाकांचे बॅलन्सिंग आणि इतका खर्च होऊनही शाबूत राहिलेली थरथर घेऊन परततो. याचा दोष सर्वस्वी मेकॅनिकच्या माथी मारण्याची आपल्याकडे रूढी आहे. माझ्या मते त्यातला निम्म्याहून अधिक वाटा आपण ग्राहकांनी उचलावयास हवा. कारण सुट्या भागांचे व ते बसविण्याच्या मजुरीचे पैसे आपण खळखळ करीत का होईना देतो, पण दोष शोधण्यात गेलेल्या तासाभराचे मोल देण्याची वेळ आली की ‘नुसते पाहायचे पैसे?’ असा सवाल करतो.

वस्तुतः या विकारात पाहणे हेच मुख्य काम आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच थरथर थांबते की नाही, हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या उत्तराने निम्मा तपास उरकतो. चाकाच्या तोलातील वैगुण्य इंजिनावरील भाराशी निगडित नसते; ताशी ९० किलोमीटर वेगात साधारण मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते, त्यामुळे रिमच्या एका अंगाला काही ग्रॅमांचे वजन अधिकउणे असले तरी स्टिअरिंग कापू लागते, आणि पाय उचलला तरी तो वेग टिकून आहे तोवर कापतच राहते. उलट, पाय उचलताक्षणी थरथर विरली तर संशय शक्ती उत्पन्न करणाऱ्या अथवा ती चाकांपर्यंत पोचविणाऱ्या अवयवांवर जावयास हवा. आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या एक्सलचा गिअरबॉक्सकडील सीव्ही जॉइंट, रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेल्यामुळे झिजला, की वेग घेताना गाडी डावी-उजवीकडे हलू लागते. चाकाकडचा जॉइंट मात्र वळणावर कटकट वाजून आपली जबानी आपणच देतो. इंजिनाची रबरी माउंटिंग बसली असल्यास गाडी पुढे निघताना धक्का जाणवतो. तिची परीक्षा सोपी, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

खरा पेच आहे तो गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात त्याचा. सिलिंडरातील मिश्रणावर दाब जितका अधिक, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडविण्यासाठी विजेचा दाबही अधिक लागतो. म्हणून दुबळी झालेली कॉइल किंवा फट रुंदावलेला प्लग रिकाम्या इंजिनाला बिनतक्रार साथ देतो आणि चढावर भर पडताच कच खातो. गॅरेजच्या सपाट फरशीवर बॉनेट उघडून कान लावणाऱ्यास त्यामुळे काहीच ऐकू येत नाही, आणि मालकाला भास होतो असा निष्कर्ष दोघांच्याही सोयीचा ठरतो. डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा अशा वेळी स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर तेथे दिरंगाई परवडत नाही. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते, आणि त्याच्या उष्णतेने आतील जाळी वितळली म्हणजे जो खर्च येतो त्यापुढे कॉइलची किंमत किरकोळ वाटते.

आता कोणी म्हणेल की, स्कॅनर जोडला की सारे उलगडते. स्कॅनर पी ०३०२ असा क्रमांक दाखवितो, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात ज्वलन होत नाही इतकेच सांगतो; प्लग, कॉइल, इंजेक्टर की घसरलेले कॉम्प्रेशन, हा तपशील त्याच्या दप्तरी नसतो. आयुर्वेदात चिकित्सेला मुळीच स्पर्श न करता केवळ रोगनिर्णयाला वाहिलेला माधवकराचा एक ग्रंथ आहे, आणि रोग ओळखण्याच्या पाच साधनांत तेथे उपशयाचीही गणना आहे; ज्या रोगाचे लक्षण गूढ असते, तेथे एखादे औषध वा आहार देऊन पाहावे आणि उतार पडतो की नाही यावरून रोग ठरवावा, असा त्याचा आशय. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत जाणता मेकॅनिक नेमके हेच करतो. दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवून तो गाडी पुन्हा चढावर नेतो; क्रमांक पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी, पी ०३०२ कायम राहिला तर तपास प्लगकडे व इंजेक्टरकडे वळवायचा. यात एक पैचाही सुटा भाग खर्ची पडत नाही, आणि नेमक्या याच कारणास्तव बिलात त्याला जागा नसते. जेथे माल विकल्याखेरीज कमाई नाही, तेथे माल विकला जाणारच. प्रामाणिक माणूसही नाइलाजाने तेच करील.

निदानाचे वेगळे पैसे द्यावयाचे ठरले तर काही महाभाग नुसते पाहून पैसे उकळतील, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच जॉबकार्डावर सुटे भाग व मजुरी यांच्या शेजारी निदानाचा तिसरा रकाना असावा. त्यात मालकाची कैफियत, म्हणजे वेग, गिअर, चढ की सपाटी, इंजिन गार की तापलेले हे त्याच्याच शब्दांत लिहावे. मालकाला शेजारी बसवून चाचणी कोठे घेतली, काय अदलाबदल केली व त्यातून काय सिद्ध झाले याची नोंद खाली करावी. काढलेला भाग मालकाच्या हवाली करावा. आणि त्या रकान्यातील आकार, कोणताही भाग बदलावा लागो वा न लागो, देय मानावा.